मुंगसाचं नाव कुणी सांगितलं?



गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला मी उभा आहे, तो त्यांचा विद्यार्थी म्हणून. चौथीत त्यांनी आम्हाला एक वही घालायला लावली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते आम्हाला शिवारात न्यायचे. ओढ्याकाठी, बांधावर, ज्वारीच्या पेंढ्यांच्या गंजीमागे जे दिसेल ते दाखवायचे आणि विचारायचे, "तुझी आजी याला काय म्हणते?" पुस्तकातलं नाव आम्ही घाईघाईने सांगितलं की ते म्हणत, "ते मला माहीत आहे. आजीचं सांग." त्या वहीत मी साळिंदर लिहिलं, तर उमरग्याकडून आलेल्या मुलाने वेगळंच काही लिहिलं. गुरुजींनी दोन्ही बरोबर दिली.

ती वही आज माझ्याकडे नाही. पण गेल्या पावसाळ्यात शेजारची सातवीतली मुलगी मोबाइलवर एका प्राण्याचं चित्र घेऊन आली, तेव्हा मला त्या वहीची आठवण झाली. चित्रात टोकदार तोंडाचा, पांढुरक्या चेहऱ्याचा, उंदरासारख्या शेपटीचा एक प्राणी होता आणि त्याच्या पाठीवर सात-आठ पिल्लं चिकटलेली होती. "काका, हा ऑपॉसम. याला मराठीत काय म्हणतात?" मी सांगितलं, मराठीत याला नाव नाही, हा अमेरिकेतला प्राणी, आपण त्याला कधी पाहिलं नाही. ती म्हणाली, "मग ऑपॉसम हे नाव तरी त्याला कुणी दिलं?"

त्या प्रश्नाचा शोध घेता घेता मी आपल्या धाराशिवच्या शिवारात येऊन पोचलो. आज मला तोच प्रवास सांगायचा आहे.

इंग्रजांची पहिली टिकाऊ वसाहत 1607 साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, जेम्सटाउनला, वसली. तिथे आधीपासून पोव्हाटन लोक राहत होते. या नवख्या माणसांना तिथल्या झाडांची, फळांची, जनावरांची नावं येत नव्हती. ती त्यांनी पोव्हाटन लोकांना विचारली. 1610च्या सुमारास इंग्रजी लिखाणात हा शब्द वेगवेगळ्या स्पेलिंगांनी दिसायला लागतो; 1612 साली कॅप्टन जॉन स्मिथच्या पुस्तकात तो 'ओपॅसम' असा येतो. विल्यम स्ट्रेची नावाच्या दुसऱ्या वसाहतवाल्याने पोव्हाटन भाषेतल्या शेकडो शब्दांची यादी केली, तिच्यातही तो आहे. शब्दाचा अर्थ 'पांढरं जनावर'. अल्गॉन्कियन कुळातल्या भाषा अभ्यासणारे त्याचा मूळ अर्थ 'पांढरं कुत्रं' असा लावतात. रात्री कंदिलाच्या उजेडात या प्राण्याचा पांढरा चेहरा आधी दिसतो. ज्याने ते नाव ठेवलं, त्याने त्याला अंधारात, जवळून पाहिलेलं होतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण युरोपातल्या विद्वानांनी त्याला जे नाव दिलं ते वेगळ्या नजरेचं आहे. स्पेनचा दर्यावर्दी पिन्झोन याने 1500 साली ब्राझीलच्या किनाऱ्यावरून एक मादी पिल्लांसकट स्पेनला नेली. पोटाला पिशवी असलेला प्राणी युरोपने तोवर पाहिलाच नव्हता. राजा फर्डिनंड आणि राणी इझाबेला यांना ती दाखवण्यात आली. पुढे निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने या प्राण्याला 'डिडेल्फिस' म्हटलं. त्याचा ग्रीक अर्थ 'दोन गर्भाशयांची'. मराठीत अशा प्राण्यांना आपण शिशुधान म्हणतो, आणि हा शब्द चांगला आहे. ऑपॉसमचा गर्भकाळ जेमतेम बारा-तेरा दिवसांचा. पिल्लू मधमाशीएवढं जन्मतं, आईच्या अंगावरून स्वतःच सरपटत पिशवीत शिरतं आणि स्तनाला तोंड लावून तिथेच वाढतं. लिनीयसने शरीराची रचना पाहून नाव दिलं, पोव्हाटन माणसाने अंधारातला चेहरा पाहून. मला दोन्ही नावं हवीत. जगाने रोजच्या बोलण्यासाठी मात्र पोव्हाटन माणसाचं ठेवून घेतलं.

त्या माणसाची भाषा राहिली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोव्हाटन बोलणारं कुणी उरलं नव्हतं. स्मिथची आणि स्ट्रेचीची यादी उरली, आणि इंग्रजीत मिसळलेले थोडे शब्द. रॅकून त्यातलाच, पर्सिमन त्यातलाच. एक अख्खी भाषा गेली आणि तिच्या ओंजळीतली दोन-चार जनावरं नि फळं जगाच्या तोंडी राहिली.

या शब्दाने पुढे आणखी एक समुद्र ओलांडला. 1770 साली कॅप्टन कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर खडकावर आदळून फुटलं. दुरुस्तीसाठी ते एका नदीच्या मुखाशी काही आठवडे थांबलं. त्या जहाजावर जोसेफ बँक्स हा निसर्ग-अभ्यासक होता. तिथे पोटपिशवी असलेला एक झाडावरचा प्राणी दिसला, तेव्हा त्याने अमेरिकेतल्या ऑपॉसमचं नाव त्याला लावलं. आज ऑस्ट्रेलियात ज्यांना पॉसम म्हणतात ते त्या अमेरिकी प्राण्याचे फार दूरचे नातलग आहेत, पण व्हर्जिनियातल्या माणसाचा शब्द त्यांना चिकटून बसला. आणि त्याच नदीकाठी, त्याच महिन्यांत, दुसऱ्या एका प्राण्याचं नाव मात्र तिथल्या लोकांना विचारून घेतलं गेलं. गूगू यिमिदिर भाषेतला तो शब्द 'गंगुरू', म्हणजे आपण ज्याला कांगारू म्हणतो. तुम्ही ऐकलं असेल की 'कांगारू'चा अर्थ 'मला माहीत नाही' असा आहे. गोऱ्यांनी विचारलं आणि तिथला माणूस म्हणाला, मला कळत नाही. मीही वर्गात अनेक वर्षं हीच गोष्ट सांगितली. ती खोटी आहे. 1970च्या दशकात जॉन हॅविलँड या भाषाशास्त्रज्ञाने ती भाषा शिकून दाखवून दिलं की गंगुरू हे कांगारूच्या एका मोठ्या जातीचं खरंखुरं नाव आहे. ज्याने सांगितलं त्याला नीट माहीत होतं. दोनशे वर्षं आपण त्याला अडाणी ठरवत राहिलो, आणि त्यात माझाही हात होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ऑस्ट्रेलियातल्याच आणखी एका शिशुधान प्राण्याकडे या. लांब नाकाचा, जमीन उकरणारा, सशाएवढा. त्याला बँडिकूट म्हणतात. हा शब्द ऑस्ट्रेलियातला नाही, इंग्लंडमधलाही नाही. तो तेलुगू आहे. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे मोठा उंदीर. पंदिकोक्कु, डुकरासारखा उंदीर. आणि हा पंदिकोक्कु म्हणजे आपली घूस.

माळवदाच्या घरात जे वाढले त्यांना घूस सांगावी लागत नाही. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, भिंतीतच धान्याचं बळद, आणि रात्री त्या भिंतीच्या पायातून येणारा उकरण्याचा आवाज. सकाळी परसात मातीचा ढीग दिसायचा, आणि आजोबा काठी भोकात घालून किती आत गेलं ते बघायचे. घूस अडचणीत सापडली की डुकरासारखी घुरघुरते. तेलुगू शेतकऱ्याने ते ऐकलं आणि नावात ठेवलं. मराठीतलं नाव वेगळ्या वाटेने आलं, पण जनावर तेच, भिंती पोखरणं तेच, आणि राज्यही तेच होतं. 1948 सालच्या सप्टेंबरपर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच कचेरीत, एकाच बाजारात ऐकू येत होत्या. इंग्रजांनी हा शब्द दख्खनच्या तेलुगू मुलखातून उचलला, त्याचं बँडिकूट केलं, आणि ऑस्ट्रेलियात तसंच उकरणारं काही दिसल्यावर तिकडे देऊन टाकला. पुढे 1873 साली जॉन एडवर्ड ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने घुशीच्या वंशाला 'बँडिकोटा' हे शास्त्रीय नाव दिलं. म्हणजे निदान शास्त्रात तरी नाव आपल्या घुशीकडे परत आलं.

आता मुंगसाकडे येतो. व्याख्यानाचं नाव मुद्दाम तेच दिलं, कारण हा आपल्या भाषेचा वाटा आहे आणि आपल्यालाच तो फारसा ठाऊक नाही. इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द मराठीतून गेला. ऑक्सफर्डचा मोठा कोश त्याचं मूळ मराठी म्हणून देतो. फ्रेंच 'मांगूस्त'ही आपल्याच किनाऱ्यावरून, पोर्तुगीजांच्या मार्फत गेलेला. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर 1673 साली मुंबईच्या किनाऱ्यावर होता; त्याच्या 1698 साली छापलेल्या प्रवासवर्णनात हा प्राणी मंगूस या नावाने आला आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आगेमागे कुणीतरी मराठी माणसाने एका इंग्रजाला बांधावर बोट दाखवून सांगितलं असेल, हे मुंगूस.

गंमत पाहा, संस्कृतमध्ये याला नकुल म्हणतात. हिंदीतला नेवला, गुजरातीतला नोळियो हे नकुलाच्या वंशातले शब्द. महाभारतात अश्वमेधाच्या पर्वात अर्धं अंग सोन्याचं असलेला नकुल येतो, पंचतंत्रातली ब्राह्मणी ज्याला विनाकारण मारते तोही नकुल. आपण या कथा ऐकत मोठे झालो, पण घरात शब्द मात्र मुंगूस ठेवला. कन्नडमध्ये मुंगुसी, तेलुगूत मुंगिस. तमिळ आणि मल्याळममध्ये कीरी हा निराळाच शब्द आहे. म्हणजे मुंगूस हा दख्खनच्या पठारावरच्या तीन शेजारणींचा शब्द. तो कुणी कुणाला दिला यावर वाद घालायची मला गरज वाटत नाही. नळदुर्गच्या बाजारात एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड ऐकलेल्या माणसाला कळतं की उखळ-मुसळाप्रमाणे शब्दही शेजारी मागून आणले जातात आणि कधी कधी परत द्यायचे राहून जातात.

लहानपणी मुंगूस दिसलं की आम्ही जागीच थांबत असू. ते आडवं पळून तुरीत शिरायच्या आधी वळून तोंड दाखवावं म्हणून त्याला रामाची शपथ घालायची. तोंड दिसलं तर दिवस चांगला. हा खेळ अजूनही मुलं खेळतात की नाही मला माहीत नाही, पण यामुळे एक घडायचं: मुंगसाकडे दगड कुणी भिरकावत नसे. आज त्याच्या केसांचे रंगकामाचे ब्रश होतात, आणि त्या केसांसाठी त्याला चोरून मारतात. 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. 2019 साली केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने या ब्रशांच्या धंद्यावर देशभर छापे घातले. चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, ब्रश घेताना केस कशाचे ते विचारा.

मुंगूस सापाला मारतं, याचं कारण म्हणून एक वनस्पती सांगतात. आपल्याकडे तिला मुंगूसवेल म्हणतात. लढाईआधी मुंगूस तिची मुळी खातं, अशी समजूत. लिनीयसने 1753 साली एका वनस्पतीला 'ओफिओऱ्हायझा मुंगोस' नाव दिलं त्यामागे हीच समजूत आहे. आपला शब्द असा वनस्पतींच्या शास्त्रातही जाऊन बसला. पण मुंगसाचं खरं बळ मुळीत नाही. चपळाई, दाट ताठ केस, आणि स्नायूंतली एक रचना. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या जागी बसून ते लुळे पाडतं, त्या जागेची मुंगसातली घडण थोडी बदललेली आहे, त्यामुळे विष तिथे नीट बसूच शकत नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात हे उलगडलं. आणि तिकडे ऑपॉसमही अमेरिकेतल्या घोणसवर्गी सापांच्या विषाला दाद देत नाही. त्याच्या रक्तातली प्रथिनं विष निकामी करतात. मुळात एकमेकांपासून दूर वाढलेले दोन प्राणी, दोघांच्या नावांत स्थानिक माणसाची जीभ, आणि दोघांनी सापाशी वेगवेगळ्या तऱ्हेने मिटवून घेतलेलं.

मुंगसाचं नाव जिथे गेलं तिथे पुष्कळदा मुंगूसही नेण्यात आलं, आणि ही कथा दुःखाची आहे. 1872 साली जमैका बेटावरच्या एका ऊस-मळेवाल्याने उंदरांचा नायनाट करायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. ही आपल्या शिवारातल्या करड्या मुंगसाची धाकटी जात. तिथून ती कॅरिबियन बेटांवर आणि 1883 मध्ये हवाई बेटांवर गेली. ऊस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात मला हे समजावून सांगायला नको: उसातला उंदीर रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. त्याने उंदरांपेक्षा जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, कासवांची अंडी यांचाच फडशा पाडला. जपानच्या अमामी बेटावर 1979 साली विषारी सापांसाठी तीसेक मुंगसं सोडली. त्यांनी तिथले दुर्मीळ काळे ससे खाल्ले. अनेक वर्षांच्या मेहनतीनंतर 2024 साली जपानने जाहीर केलं की अमामीवर आता एकही मुंगूस उरलेलं नाही. यात मुंगसाचा दोष नाही. नाव उचललं, जनावर उचललं, पण ते कधी उठतं, कधी निजतं, हे ज्याला माहीत होतं त्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही.

आणि शास्त्रात आज 'मुंगोस' हे वंशाचं नाव कुणाकडे आहे? आफ्रिकेतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या मुंगसाकडे. नामकरणाच्या नियमांनी ते तिकडे गेलं, आणि आपलं करडं मुंगूस आज 'ऊर्व्हा' या वंशात आहे.

पण मला सर्वात जास्त हलवून गेली ती एका उंदराची गोष्ट. वॉल्टर एलियट हा ब्रिटिश अधिकारी धारवाडच्या बाजूला नोकरीला होता. त्याने दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी केली, ती 1839 साली मद्रासला छापून आली. त्याचं मोठेपण असं की त्याने प्रत्येक प्राण्याचं स्थानिक नाव, आणि ते कुणाच्या तोंडचं, हे नोंदवलं. दख्खनी, कन्नड, तेलुगू. आणि उंदरांच्या बाबतीत वडारांचं. कारण उंदीर वडारांइतके कुणालाच ठाऊक नव्हते. दगड फोडणारी, माती उपसणारी ही माणसं उंदरांची बिळं उकरून त्यांत साठवलेलं धान्य काढत, उंदीर खात. शेतात राहणाऱ्या एका मऊ केसांच्या उंदराला वडार 'मेट्टाड' म्हणत. लंडनमध्ये ग्रे यानेच 1837 साली त्या जातीला शास्त्रीय नाव दिलं, आणि तो शब्द जरा वाकडा होऊन 'मेल्टाडा' म्हणून त्यात आला. आज जगातल्या कुठल्याही प्राणिशास्त्राच्या पुस्तकात हा उंदीर 'मिलार्डिया मेल्टाडा' आहे. आपल्या ज्वारी-सोयाबीनच्या रानातही तो आहे. दुसऱ्या एका उंदराच्या नावात खुद्द एलियटचं नाव आहे, 'गोलुंडा एलियोटी'; त्यातलं गोलुंडा हे कन्नड नावावरून. एलियटचं नाव आहे, ग्रेचं आहे. ज्या वडाराने बीळ उकरून उंदीर हातात धरला आणि 'मेट्टाड' असा शब्द उच्चारला, त्याचं नाव मात्र कुठेच नाही.

नावांच्या बाबतीत आपला जिल्हा अनुभवी आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात तगर या शहराचा उल्लेख आहे, पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचं. ते आपलं तेर, गोरोबाकाकांचं. परक्या व्यापाऱ्याने कुणाला तरी विचारलं आणि लिहून घेतलं म्हणून दोन हजार वर्षांनी ते ओळखता आलं. जिल्ह्याच्या गावाचं धाराशिव झालं उस्मानाबाद, 2023 साली पुन्हा धाराशिव. शेळी मात्र देशभर उस्मानाबादीच म्हणून ओळखली जाते. नाव एकदा जनावराला लागलं की सरकारी कागदाबरोबर बदलत नाही. 2024च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. लोकांनी त्याला 'रामलिंग' म्हणायला सुरुवात केली. कुणी नाव ठेवा म्हणून सांगितलं नव्हतं. ज्या डोंगरात तो आला त्याचं नाव आपसूक त्याला मिळालं.

गेल्या पावसाळ्यापासून मी आणि ती सातवीतली मुलगी एक वही भरतो आहोत. गुरुजींच्या वहीत दोन रकाने होते, जनावर आणि नाव. आम्ही तिसरा वाढवला आहे: कुणी सांगितलं. साळिंदराला सायाळ म्हणणारी एक आजी त्यात आहे. उदमांजराचा माग दाखवणारा एक गुराखी आहे. येरमाळ्याच्या वाटेवर दगडखाणीत काम करणाऱ्या एका वृद्ध वडार बाबांनी आम्हाला तासभर बसवून उंदरांची नावं सांगितली, बिळाच्या तोंडावरून कोणता उंदीर आत आहे ते कसं ओळखायचं हेही सांगितलं. उठताना त्यांनी वही मागून घेतली, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि मुलीकडून ते दोनदा वाचून घेतलं.

वही आज इथे टेबलावर ठेवली आहे. व्याख्यानानंतर मी थांबणार आहे. उमरगा, परंडा, भूम, कळंब, कुठूनही आलेल्या माणसाने आपल्याकडचं एक तरी नाव तिच्यात घालावं आणि तिसरा रकाना विसरू नये. पहिल्या पानावर त्या मुलीने सर्वात आधी ऑपॉसम लिहिलं होतं. दुसऱ्या रकान्यात अर्थ आहे, 'पांढरं जनावर'. तिसऱ्यात तिने 'पोव्हाटन माणूस किंवा बाई' असं पेन्सिलीने लिहिलंय, आणि पुढे नावासाठी जागा मोकळी सोडली आहे.